अरबस्तानच्या वाळूतील मुद्रिका

अशोकवनात सीतामाईसमोर हनुमंत उभा राहिला तेव्हा तिला त्याचा विश्वास वाटेना. रावणाचीच ही काही माया असेल अशी तिला शंका आली. मग हनुमंताने रामाचे नाव कोरलेली अंगठी पुढे केली आणि तिची शंका फिटली. ही कथा आपल्या बैठकांतून आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या अंगठीत सोने किती होते, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. ती कोणाची आणि कोणाच्या हातून आली, यालाच तिथे किंमत होती.

विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात अमात्य राक्षसाची मुद्रिका चाणक्याच्या हाती पडते आणि तेवढ्यावर सारे राजकारण फिरते. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर आरंभी राजमुद्रा आणि शेवटी मर्यादेची मुद्रा उमटलेली असे. शेवटच्या मुद्रेचा उपयोग असा की तिच्याखाली मागाहून कोणाला एक ओळही घुसडता येऊ नये. एखादी गोष्ट पक्की झाली म्हणजे 'शिक्कामोर्तब झाले' असे आपण आजही म्हणतो. मात्र त्या शब्दामागे खराखुरा दगड, खरेखुरे मेण आणि कोरणाऱ्याचे दुखरे डोळे होते हे विसरतो. अशाच कोरीव खड्यांची व मुद्रिकांची गोष्ट आज सांगावयाची आहे, आणि तीही सौदी अरबस्तानातील.

मदिनेची विहीर

सौदी अरबस्तान म्हटले की आपल्याला तेल आठवते आणि हज आठवते. आपले मुसलमान शेजारी दरवर्षी तिकडे जाऊन येतात. इस्लामी परंपरेतील एका अंगठीची हकिकत त्यांना ठाऊक असते. आपणही ती ऐकण्यासारखी आहे.

सातव्या शतकात प्रेषित महंमदांनी शेजारच्या राजांना पत्रे पाठविण्याचे ठरविले. तेव्हा लोकांनी त्यांना सांगितले की शिक्का नसलेले पत्र हे राजे वाचत नाहीत. म्हणून त्यांनी चांदीची अंगठी करविली. तिच्यावर तीन ओळींत तीन शब्द कोरले होते, 'महंमद', 'रसूल' आणि 'अल्लाह'. तसा मजकूर दुसऱ्या कोणी आपल्या अंगठीवर कोरू नये असेही त्यांनी बजावले. त्यांच्यानंतर ती अंगठी अबू बक्र, मग उमर आणि मग उस्मान या खलिफांच्या हाती आली. उस्मान यांच्या काळात ती मदिनेजवळील अरीस नावाच्या विहिरीत पडली. तीन दिवस शोध घेतला, पाणी उपसून काढले, परंतु अंगठी मिळाली नाही. पुढे ती विहीर अंगठीची विहीर म्हणूनच ओळखली जाऊ लागली.

एका लहानशा अंगठीसाठी विहीर उपसावी लागते, याचे कारण उघड आहे. शिक्का हरवणे म्हणजे सही हरवणे. तो चुकीच्या हाती गेला तर कोणीही कोणाच्याही नावाने हुकूम काढील.

त्या भूमीवरील शिक्क्यांचा इतिहास मात्र याहून फार जुना आहे. सौदी अरबस्तानचा पूर्व किनारा आणि बहरीन बेट मिळून प्राचीन काळी दिलमुन नावाचा व्यापारी प्रदेश होता. इसवी सनापूर्वी २००० वर्षांच्या सुमारास तिथले व्यापारी शंखजिऱ्याच्या मऊ दगडाचे वाटोळे शिक्के वापरीत. त्याच आखाती धर्तीचा एक शिक्का गुजरातेत लोथल येथे मिळाला. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच आपला किनारा आणि अरबांचा किनारा एकमेकांचे शिक्के ओळखत होते.

पैठणचा दगड

आता आपल्या अगदी जवळचा धागा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ते पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात सोपारा आणि कल्याण या आपल्या कोकणच्या बंदरांची नावे आहेत. त्यात असेही आहे की पैठणहून सुलेमानी जातीचा दगड आणि तेरहून कापड गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलुखातून, भरूच बंदरात आणले जाई. एकनाथ महाराजांचे पैठण ते हेच. नाथांच्या जन्माआधी जवळजवळ दीड हजार वर्षे तिथला दगड समुद्रापार निघालेला होता.

त्याच पुस्तकात येमेनच्या मूझा बंदराचा उल्लेख आहे. तिथले अरब व्यापारी स्वतःची जहाजे भरूचला पाठवीत. येमेनमधून उंटांचे तांडे नजरानमार्गे उत्तरेकडे जात. त्या वाटेवर, रुब अल् खाली या महावाळवंटाच्या कडेला, करियत अल् फाव नावाचे श्रीमंत नगर होते. १९७२ पासून रियाधच्या विद्यापीठाने प्राध्यापक अब्दुल रहमान अल् अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन केले. वाळूखाली बाजारपेठ, घरे, भिंतींवरील रंगीत चित्रे, काशाच्या मूर्ती आणि कोरीव अंगठ्या मिळाल्या. २०२४ साली युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

तिथला अमुक खडा पैठणचाच, असे नुसते पाहून कोणी सांगू शकणार नाही, कारण येमेनमध्येही उत्तम अकीक निघतो. तरी एवढे खरे की आपल्या दख्खनचा दगड बैलगाडीतून बंदरावर गेला, जहाजात चढला आणि परक्या माणसाच्या बोटात जाऊन बसला. रत्नागिरी-साताऱ्याहून निघालेल्या आपल्या पणजोबांची वाट याहून फारशी निराळी नव्हती.

उलटे कोरण्याची विद्या

हे खडे कोरीत कसे, हेही पाहण्यासारखे आहे. अकीक आणि त्याच्या जातीचे दगड फार कठीण. दहा अंकांच्या मोजपट्टीवर त्यांचा कठीणपणा सातच्या आसपास येतो, आणि साध्या चाकूचे पाते त्यांवर चरासुद्धा पाडू शकत नाही. म्हणून कारागीर कुरुंदाची पूड वापरीत. कुरुंदाचा कठीणपणा नऊ. सुताराच्या सामत्यासारखे कमानीने फिरवायचे हत्यार घ्यायचे, त्याच्या टोकाला तेलात कालवलेली पूड लावायची आणि हळूहळू दगड झिजवायचा. खरे काम हत्यार करीत नसे, ती पूड करी.

शिवाय सारे काही उलटे कोरावयाचे, म्हणजे मेणावर किंवा ओल्या मातीवर ते सुलटे उमटते. नखाएवढ्या जागेत घोडा, धनुर्धर, देवता किंवा मालकाचे नाव उलटे कोरणारा माणूस कोणत्या नजरेचा असेल! रोमन लेखक प्लिनी याने लिहिले आहे की सुलेमानीच्या जातीचे दगड शिक्क्याला चांगले, कारण मेण त्यांना चिकटून येत नाही. लालसर अकीकाचा रंग अधिक खुलावा म्हणून दगड आधी मंद आचेवर भाजतात. गुजरातेत खंभात येथे ही विद्या अजून चालू आहे आणि तिथला माल शतकानुशतके अरबस्तानात जात आला आहे.

दगडाचे वय कोण सांगणार?

इतकी सुंदर वस्तू, तीही खिशात मावणारी. तेव्हा तिचा संग्रह करणारे निघाले यात नवल नाही. युरोपातील राजे-सरदारांना तर याचे वेडच होते. पण या छंदात एक मोठी अडचण आहे.

लाकूड, हाड, कापड यांचे वय शास्त्रज्ञ कार्बनच्या पद्धतीने काढू शकतात. दगडाला ती पद्धत लागू पडत नाही. अकीक लाखो वर्षांचा असतो. त्यावरचे कोरीव काम दोन हजार वर्षांचे की गेल्या महिन्यातले, हे दगड स्वतः सांगत नाही. पोलंडच्या राजघराण्यातील स्टानिस्लाव पोनियातोव्स्की यांच्या संग्रहात सुमारे अडीच हजार कोरीव खडे होते. १८३९ साली लंडनमध्ये त्यांचा लिलाव झाला. प्राचीन ग्रीक कारागिरांच्या सह्यासुद्धा त्यांवर होत्या. पुढे दिसून आले की बहुतेक खडे त्यांच्याच काळातील कारागिरांनी कोरलेले होते.

मग खड्याचा खरेपणा ठरवायचा कशावरून? तो कुठे, किती खोलीवर, कशाशेजारी सापडला यावरून. सौदी अरबस्तानच्या पूर्वेकडे थाज नावाचे प्राचीन नगर आहे. १९९८ साली तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची एका लहान मुलीची कबर सापडली. चेहऱ्यावर सोन्याचा मुखवटा होता आणि अंगावर सोने, मोती, माणके. प्रत्येक वस्तू जिथल्या तिथे होती म्हणून तज्ज्ञांना समजले की हे दागिने एका बालिकेचे आहेत आणि तिच्या माणसांनी तिला किती मायेने निरोप दिला. तीच कबर चोरांच्या हाती लागली असती तर मुखवटा एका देशात, मोती दुसऱ्या देशात गेले असते, आणि ती मुलगी या जगात होती हेही कोणाला कळले नसते.

नोंद नसली म्हणजे काय होते ते २०२३ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये दिसून आले. सुमारे २००० वस्तू चोरीस गेल्या, हरवल्या किंवा त्यांची मोडतोड झाली असे त्या संस्थेला जाहीर करावे लागले. त्यांत कोरीव खडे पुष्कळ होते. अनेकांची धड नोंद नव्हती, म्हणून ते नाहीसे झाल्याचे वर्षानुवर्षे लक्षात आले नाही. काही तर अगदी किरकोळ किमतीला विकले गेले. एका डॅनिश व्यापाऱ्याने २०२१ मध्ये सावध केले होते. शेवटी संचालकांना पद सोडावे लागले. २०२४ पर्यंत सहाशेहून अधिक वस्तू परत मिळाल्या. पण ज्या खड्याचे छायाचित्र नाही, वर्णन नाही, तो समोर आला तरी आपलाच आहे हे म्युझियम कसे सिद्ध करणार?

धाहरानची शिक्षिका

वेचलेली प्रत्येक वस्तू वाया जाते असेही नाही. धाहरान येथे तेल कंपनीच्या वसाहतीतील मुलांना शिकविणाऱ्या ग्रेस बर्कहोल्डर या अमेरिकन बाईंना सुट्टीच्या दिवशी वाळवंटात फिरण्याची आवड होती. १९६० नंतरच्या त्या दशकात त्यांना काही रंगीत खापरे मिळाली. ती कुठे मिळाली हे त्यांना नीट ठाऊक होते आणि त्यांनी ती दिलमुनचे संशोधक जेफ्री बिबी यांना दाखविली. ती निघाली दक्षिण इराकमधील उबैद संस्कृतीची, सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची. इतक्या जुन्या काळी अरबस्तानच्या किनाऱ्याचा इराकशी संबंध होता हे त्या खापरांमुळे उजेडात आले. १९८४ साली बाईंनी आपल्या संग्रहावर पुस्तक लिहिले. बाजारात त्या खापरांना चार आणेही कोणी दिले नसते. जागा माहीत होती म्हणून त्यांनी इतिहास घडविला.

तेल कंपनीत नोकरी केलेल्या इतर परदेशी कुटुंबांनीही घरी नेलेल्या वस्तू पुढे सौदी अरबस्तानला परत दिल्या, आणि अशा परत आलेल्या वस्तूंचे रियाधच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्रदर्शनही भरले.

आज तिथला कायदा कडक आहे. १९७२ साली पुरातन वस्तूंचा कायदा झाला आणि २०१४ साली त्याच्या जागी नवा आला. सापडलेली पुरातन वस्तू सरकारला कळवावी लागते आणि परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. योगायोगाने हिंदुस्थानचा कायदाही १९७२ चाच आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला हिंदुस्थानाबाहेर नेता येत नाही. म्हणून कामासाठी, यात्रेसाठी किंवा फिरायला गेलेल्या आपल्या माणसांनी एक लक्षात ठेवावे. बाजारात कोणी 'ही फार प्राचीन अंगठी' म्हणून पुढे केली तर ती एक तर खोटी असेल, नाही तर कोणाच्या तरी कबरीतून उकरून आणलेली असेल. दोन्ही प्रकारांत न घेणेच बरे. नव्या अकीकाची अंगठी नवी म्हणून हौसेने घ्यावी, त्यात काहीच वाईट नाही.

आपल्या घरातील मुद्रा

आपल्या पूर्वजांपाशी राजमुद्रा नव्हत्या. करारपत्रावर बहुतेकांनी खूण नाही तर अंगठा उमटवला. तरीही त्यांचा पत्ता हरवला नाही, कारण नोंद झाली होती. मोका येथील महात्मा गांधी संस्थानातील दप्तरात नाव, बापाचे नाव, गाव, जहाज आणि क्रमांक लिहून ठेवलेला आहे. त्या एका क्रमांकावरून आज कितीतरी कुटुंबांना आपले कोकणातले गाव सापडते. तो क्रमांक नसता तर आपणही पेढीवरच्या त्या खड्यासारखेच झालो असतो, दिसायला छान, पण कुठले ते कोणालाच ठाऊक नाही.

घरोघरी आजीची नथ, पुतळ्यांची माळ, देव्हाऱ्यातला टाक, एखादे पितळी भांडे असे काही ना काही असते. आजी आहे तोवर त्याची गोष्ट तिच्या तोंडी आहे. ती गेली की मुले विचारतात, हे किती तोळ्यांचे? तेव्हा या रविवारी एक वही काढावी. प्रत्येक जुन्या वस्तूचे चित्र किंवा छायाचित्र चिकटवावे आणि खाली लिहावे की ती कोणाची, कोणी दिली, कोणत्या गावाहून, कोणत्या लग्नात. अक्षर मुलांचे असू द्यावे आणि सांगणारी आजी असावी. या कामाला एक रुपयाही लागत नाही, फक्त आजी आहे तोवर बसायला हवे.