बारा वर्षांचे काम

१९१६ च्या सुमारास डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर मराठीत ज्ञानकोश काढायला निघाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस होते. गाठीला पैसा नाही, पाठीशी विद्यापीठ नाही आणि शास्त्रीय विषयांवर मराठीत लिहिण्याचा सराव असलेली माणसे फारच थोडी. इंग्रजीतले असे कोश आधीच्या आवृत्त्यांवर उभे राहत. मराठीत पहिली वीटच रचायची होती. तरीही विसाचे दशक सरता सरता तेवीस खंड छापून झाले होते. चार पिढ्यांचे वाटावे असे काम एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांत बसले कसे, हे समजून घेण्यासारखे आहे.

केतकरांचा जन्म रायपूरचा, २ फेब्रुवारी १८८४ चा. शिक्षण अमरावतीला आणि पुढे मुंबईत विल्सन कॉलेजात. १९०६ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि कॉर्नेल विद्यापीठातून १९११ मध्ये डॉक्टरेट मिळवून बाहेर पडले. भारतातल्या जातिसंस्थेच्या इतिहासावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्येच निघाला होता. त्या ग्रंथाचे वजन किती होते, हे एका गोष्टीवरून कळते. मे १९१६ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा आपला निबंध वाचला. त्यात इतरांच्या व्याख्यांबरोबर त्यांनी केतकरांची व्याख्याही तपासायला घेतली. जात सुटी न पाहता जातींच्या एकूण व्यवस्थेत ठेवून पाहिली, याचे श्रेय त्यांनी केतकरांना दिले आणि मग त्या व्याख्येतली दोन लक्षणे मुळात एकच कशी आहेत, हेही दाखवून दिले. इंग्रजीत लिहीत राहिले असते तर केतकरांना विद्वानांच्या वर्तुळात मानाचे पान होतेच. त्या वाटेने न जाता हा माणूस नागपुरात शेअर विकत हिंडू लागला.

होय, शेअर. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ’ ही लिमिटेड कंपनी होती. भागभांडवल उभे करायचे, वर्गणीदार मिळवायचे, त्या पैशातून कचेरी चालवायची, लेखकांना पगार द्यायचे आणि छपाई भागवायची, असा हा व्यवहार. ज्ञानाचे काम दानधर्मावर चालावे, या समजुतीला त्यांनी फाटा दिला. मला हा निर्णय फार धाडसाचा वाटतो. देणगीदाराचा पैसा वाट पाहू शकतो. वर्गणीदार वाट पाहत नाही. पुढचा खंड कधी, म्हणून तो विचारतोच. केतकरांनी आपण होऊन स्वतःमागे तगादा लावून घेतला. तो नसता तर पहिल्या दोन-तीन खंडांतच सारे आयुष्य सरले असते, असे मला वाटते. आपल्याकडे विद्वत्तेची अशी अर्धवट राहिलेली कामे काही कमी नाहीत.

खंडांची आखणीही पाहण्यासारखी आहे. पहिले पाच प्रस्तावना खंड: ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’. त्यांत सलग ग्रंथासारखी मांडणी आहे, कारण मराठी वाचकाला सुट्या नोंदी वाचण्याआधी जगाचा एक नकाशा हाती द्यायला हवा, ही केतकरांची दृष्टी. त्यानंतर अकारविल्हे नोंदींचे सोळा खंड. त्यांना नाव दिले शरीरखंड. मग सूचीचा एक आणि शेवटी पुरवणीचा एक. अकारविल्हे म्हणजेही आजच्या शब्दकोशासारखे नव्हे. अनुस्वाराचा ‘अं’ बाराखडीतल्या क्रमाने औनंतर येतो. म्हणून ‘अंकगणित’ शोधणारा सहाव्या खंडात, ‘अ’च्या सुरुवातीला, चाचपडत बसतो आणि ते सापडते पार नवव्या खंडात, ‘ई’पासून ‘औ’पर्यंत सगळे ओलांडल्यावर.

एवढ्या नोंदी एकट्याने लिहिणे अशक्यच. कचेरीत पगारी संपादकवर्ग बसला आणि खरी कमाई तिथे झाली. परकीय ग्रंथ वाचायचा, त्याचे सार काढायचे, मराठीत परिभाषा नसेल तर ती घडवायची, नोंद ठरल्या जागेत बसवायची आणि ठरल्या दिवशी छापखान्यात धाडायची. मराठीत असे शिक्षण देणारी दुसरी शाळा त्या वेळी नव्हती. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे याच कचेरीत तयार झाले. ज्ञानकोश संपल्यावर ही माणसे पांगली नाहीत. १९३२ पासून १९३८ पर्यंत त्यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड काढले, मागाहून त्याची पुरवणीही निघाली. मग वाक्संप्रदाय कोश आला, शास्त्रीय परिभाषा कोश आला आणि सुलभ विश्वकोशही. आज एखादा जुना मराठी शब्द अडला की आपण दाते-कर्व्यांकडे धाव घेतो. त्या धावेचा मार्ग केतकरांच्या कचेरीतून जातो, हे आपल्या ध्यानातही नसते.

ज्ञानकोशात उणिवा आहेत आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. शास्त्रांची माहिती शंभर वर्षांत शिळी झाली. काही नोंदी पानेच्या पाने चालतात, तर काही घाईत उरकलेल्या दिसतात. केतकरांची स्वतःची भाषा ओबडधोबड. त्यांच्या कादंबऱ्यांत विचार उदंड आणि रचना सैल, ही तक्रारही खोटी नाही. ‘ब्राह्मणकन्या’ वाचताना दोन्ही गोष्टी जाणवतात. पण निर्दोष कोश काढायचा हट्ट धरला असता तर कोशच निघाला नसता. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले, तेव्हा शासनाचे पाठबळ होते आणि नोंदी लिहायला त्या त्या विषयाचे तज्ज्ञही मिळाले. तरी त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि शेवटचा निघेपर्यंत शतक उलटले. त्या कामाचा दर्जा मोठाच आहे. पण तर्कतीर्थ १९९४ मध्ये गेले, मालिका पुरी झालेली त्यांना पाहता आली नाही.

या साऱ्यात केतकरांच्या पत्नी शीलवतीबाईंना विसरून चालणार नाही. मूळच्या एडिथ, ज्यू घराण्यातल्या. त्या १९२० मध्ये भारतात आल्या, व्रात्यस्तोम विधीने हिंदू झाल्या आणि केतकरांशी त्यांचे लग्न झाले. भारतीय वाङ्मयाच्या इतिहासावरचा विंटरनिट्झ यांचा जर्मन ग्रंथ आज इंग्रजीत वाचला जातो तो त्यांच्या अनुवादामुळे. कलकत्ता विद्यापीठाने तो छापला. ‘मीच हे सांगितले पाहिजे’ हे त्यांचे १९६९ मधले आत्मकथन. थोर माणसाच्या घरात खर्चाची तोंडमिळवणी कोण करते, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने ते जरूर वाचावे.

ज्ञानकोश संपला तेव्हा केतकर जेमतेम पंचेचाळिशीचे होते आणि स्वस्थ बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. १९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ‘प्राचीन महाराष्ट्र’ हा नवा संकल्प त्यांनी हाती घेतला आणि त्यातले ‘शातवाहनपर्व’ १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात, त्रेपन्नाव्या वर्षी, ते वारले. पुढची पर्वे त्यांच्या हातून झाली नाहीत.

ज्ञानकोशाचे खंड आता यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानमुळे इंटरनेटवर वाचता येतात. पण माझी शिफारस वेगळ्याच पुस्तकाची आहे: ‘माझे बारा वर्षांचे काम उर्फ ज्ञानकोश मंडळाचा इतिहास’. काम हातावेगळे करून केतकरांनी लगेच त्याचा जमाखर्चही लिहून ठेवला. मराठीत कुणाला मोठा प्रकल्प हाती घ्यायचा असेल, तर त्याने ज्ञानकोशाच्या आधी ते पुस्तक मिळवावे.