अपघाताचा हिशोब रस्त्यावरच असतो

मुंबई-गोवा महामार्गावर पेण ते नागोठणे दरम्यान कासू लागते. या मार्गावर ज्यांचे ट्रक-टेम्पो धावतात, त्यांच्यासाठी आम्ही एक हिशोब मांडत आहोत. अपघाताच्या खटल्यात साक्षीदार वेग अंदाजाने सांगतात. तज्ज्ञ तो ब्रेकच्या खुणा मोजून काढतात. चाके जाम होऊन गाडी २० मीटर घसरत थांबली, तर कोरड्या डांबरावर वेग ताशी सुमारे ६० कि.मी. निघतो. रस्ता ओला असेल, तर त्याच खुणेवरून सुमारे ४५! म्हणजे पंचनाम्यात 'रस्ता ओला होता' एवढे लिहायचे राहिले, तरी चालकाच्या माथी १५ कि.मी. नाहक बसतात. उलट, गाडी घसरत जाऊन धडकेने थांबली असेल, तर खरा वेग खुणेच्या हिशोबापेक्षा जास्त असतो. तेथे मोजमाप मृताच्या वारसांच्या कामी येते. चूक कोणाची, यावर दावा न्यायाधिकरणातील भरपाई बरीचशी ठरते. पण कोकणच्या पावसात खुणा टिकत नाहीत. म्हणून जखमींना आधी दवाखान्यात पोहोचवा, पोलिसांना कळवा आणि खुणा, काचा व गाड्यांची जागा यांचे फोटो लगेच काढून ठेवा.