येऊ दे तो विचार

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जाणती माणसं काठाला उभं राहून खाली बघत नाहीत. पोटावर झोपतात, सरपटत पुढे जातात, मित्राला पाय धरायला सांगतात आणि मग दरीत डोकावतात. पडायची भीती असतेच. पण त्या क्षणी अनेकांच्या मनात आणखी एक गोष्ट लखकन चमकून जाते आणि रात्री पिठलं-भाकरी खाताना ती कोणी कोणाला सांगत नाही: आत्ता मीच उडी मारली तर? अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी ४३१ विद्यार्थ्यांना याबद्दल विचारलं आणि २०१२ साली निष्कर्ष मांडले. आयुष्यात एकदाही आत्महत्येचा विचार न केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी उंचावर असताना अशी ऊर्मी जाणवल्याचं सांगितलं. संशोधकांनी लावलेला अर्थ असा, की शरीर धोका ओळखून आपल्याला झटकन मागे खेचतं. मनाला त्याचं कारण नंतर शोधावं लागतं आणि ते म्हणतं, म्हणजे मला उडीच मारायची होती की काय!

असे विचार कड्यावरच येतात असं नाही. लोकल फलाटात शिरताना शेजारच्याला ढकलावंसं वाटून जातं. ऐन आरतीत देवाबद्दल घाणेरडी शिवी मनात उमटते. शोकसभेत मोठ्यानं हसू फुटेल अशी धास्ती वाटते. बाळाला घेऊन गॅलरीत उभं असताना हात सुटल्याचं चित्र दिसतं. कधी आपल्याच जवळच्या माणसाबद्दल किळसवाणी लैंगिक कल्पना येते आणि ती आली म्हणून माणूस स्वतःच्या नजरेतून उतरतो.

लंडनमध्ये स्टॅनली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डिसिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली एक साधा पण मोलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणताही मानसिक आजार नसलेल्या १२४ जणांना त्यांनी विचारलं, की असे नकोसे, भयंकर विचार तुमच्या मनात येतात का? सुमारे ८० टक्के लोक हो म्हणाले. मग या लोकांचे विचार आणि रुग्णांचे विचार एकत्र करून जाणकारांपुढे ठेवले. नुसता मजकूर वाचून रुग्णाचा विचार कोणता, हे त्यांनाही खात्रीनं ओळखता आलं नाही. पुढे २०१४ साली १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांच्या पाहणीत असा किमान एक विचार गेल्या तीन महिन्यांत आल्याचं सांगणारे ९३.६ टक्के निघाले.

म्हणजे विचार सगळ्यांनाच येतात. मग काहींचं जगणं त्यापायी का नासतं?

प्रसूतीतज्ज्ञांना आणि समुपदेशकांना ओळखीचं असलेलं एक चित्र बघू. दोन महिन्यांची बाळंतीण दुपारी विळीवर दुधी चिरतेय. आतल्या खोलीत पाळणा. पातं चमकतं आणि मनात येतं, हे मी बाळाला लावलं तर? अंगाला घाम फुटतो. ती उठते, विळी उलटी करून ओट्याखाली सरकवते. दुसऱ्या दिवशी ती माळ्यावर टाकते. मग सुरी, कात्री, नेलकटरसुद्धा. भाजी चिरायचं काम जावेकडे जातं. आंघोळ घालताना पाण्याची भीती वाटू लागते, म्हणून ते सासूबाईंकडे. रात्री बाळाजवळ एकटी नको म्हणून नवऱ्याला मध्ये झोपवते. घरातल्यांना वाटतं, पोरीला अशक्तपणा आलाय. ती कोणाला काही सांगत नाही. सांगितलं तर बाळ काढून घेतील, वेडी ठरवतील, ही धास्ती. दिवसभर मात्र ती स्वतःला तपासत राहते: माझं बाळावर प्रेम आहे ना? मगाशी त्याच्याकडे बघताना राग आला का? मी तसली बाई तर नाही?

तिला कोणीतरी सांगायला हवं, की नव्या आयांच्या अभ्यासांत बाळाला अपघातानं इजा होईल असे विचार जवळपास सगळ्यांनाच येतात आणि आपल्या हातून मुद्दाम इजा होईल असे विचारही जवळजवळ निम्म्या जणींना येतात. हे विचार तिला असह्य होतात, कारण ते तिच्या मनाविरुद्ध आहेत. जिला बाळ जिवापाड आहे तिचं मन बाळाभोवतीच धोके शोधतं. देवभक्ताला देवाबद्दल घाण विचार येतात आणि सज्जन, भिडस्त माणसाला तो कोणावर अतिप्रसंग करील असं वाटतं, तेही याच कारणानं. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपल्या आज्या म्हणत आल्या आहेत. त्यांनी हे पाहिलेलंच होतं.

बिघडतं ते पुढच्या पायरीवर. विचार आला म्हणजे त्याला काहीतरी अर्थ असणार, तो घालवलाच पाहिजे, असं ठरलं की लढाई सुरू होते. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली टेक्सासमधल्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटं मनात येईल ते बोलायला सांगितलं; अट एवढीच, की पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. (अस्वल दस्तयेव्हस्कीच्या एका प्रवासवर्णनातलं.) घंट्या वाजतच राहिल्या. त्याहून महत्त्वाचं पुढे घडलं: नंतर जेव्हा अस्वलाचा खुशाल विचार करा म्हटलं, तेव्हा आधी दाबून ठेवणाऱ्यांच्या मनात ते अधिक वेळा आलं. गल्लीतल्या भुंकणाऱ्या कुत्र्यासारखंच हे. पळालात की मागे लागतं. विचार गेला का, हे बघायलाही आधी तो आठवावा लागतो.

आपल्याकडे या लढाईला आणखी एक जोड मिळते. घरातला वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, म्हणून अभद्र बोलू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. सणासुदीला तर विशेष. बोलण्याची शिस्त म्हणून त्यात वावगं काही नाही. पण धास्तावलेलं मन ते विचारांनाही लावतं: बाबांच्या अपघाताचं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं, आता तसं झालं तर ते माझ्यामुळे. रॅकमन आणि रॉझ शाफ्रन यांनी १९९० च्या दशकात याच समजुतीचा अभ्यास केला. विचार म्हणजे जणू कृतीच, किंवा विचारानं घटना घडते, असं मानणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. एका प्रयोगात त्यांनी लोकांना जवळच्या माणसाचं नाव घालून ‘त्याला अपघात होवो’ या अर्थाचं वाक्य कागदावर लिहायला लावलं. लिहिताच छातीत धडधड. काहींना ते खोडायला, फाडायला किंवा मनात उतारा करायला लगेच मुभा दिली. काहींना दोन मिनिटं थांबायला सांगितलं. थांबलेल्यांचीही भीती त्या दोन मिनिटांत उतरली. काही न करता.

माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट ही आहे. भीती घालवायला आपण जे करतो ते न करताही ती उतरते. पण आपण काहीतरी करतो, मग ती उतरते, आणि मन श्रेय त्या कृतीला देतं. पुढच्या वेळी ती कृती करावीच लागते. हात पुन्हा धुणं, गॅसचा नॉब पुन्हा बघणं, जप चुकला म्हणून माळ पहिल्या मण्यापासून धरणं, नवऱ्याला दहाव्यांदा विचारणं, मोबाइलवर रात्रभर शोधणं. वरून न दिसणाऱ्या कृतीही असतात: मनातल्या मनात माफी मागणं, वाईट चित्रावर चांगलं चित्र चढवणं. हे चक्र रोज तासाच्या वर वेळ खाऊ लागलं, कामात आणि नात्यांत आडवं येऊ लागलं, की त्याला ओसीडी म्हणतात. गावाकडे मंत्रचळ म्हणतात आणि हसून सोडून देतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. आतला माणूस थकून गेलेला असतो.

उपचाराची वाट १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर यांनी दाखवली. त्यांच्या दोन रुग्णांपैकी एकीला धुण्याचा ध्यास होता, दुसरीला देवाविषयीच्या पापी विचारांनी छळलं होतं. भीती वाटते त्या गोष्टीला सामोरं जायचं आणि त्यानंतरची कृती करायची नाही, एवढंच त्यांनी परिचारिकांच्या मदतीनं घडवून आणलं. दोघींनाही पुष्कळ आराम पडला. आज हीच पद्धत जगभर ओसीडीचा पहिल्या पसंतीचा मानसोपचार आहे.

आपल्या बाळंतिणीच्या बाबतीत ते असं होईल. तज्ज्ञ तिच्याबरोबर भीतीची उतरंड लावतील, शून्य ते शंभर. आधी विळी माळ्यावरून खाली येईल आणि ओट्यावर नुसती असेल. मग घरात कोणी असताना ती काकडी चोचवेल. मग पाळणा त्याच खोलीत. विचार येईल, यायलाच हवा. तेव्हा स्तोत्र पुटपुटायचं नाही, ‘मी असं करणार नाही’ असं स्वतःला समजवायचं नाही. हात थरथरत असले तरी कोशिंबीर पुरी करायची. काही दिवस भीती लवकर उतरेल, काही दिवस उतरणारही नाही. तरी काम होतं, हे तिच्या अंगवळणी पडतं.

इथे मराठी वाचकाला एक शंका येईल. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी घरांत पोचली. अविवेकी विचाराशी वाद घालायला आपण शिकलो. मग इथे वाद का नको? वाद घालावा, पण नेमक्या जागी. ‘मी बाळाला मारीन का’ या प्रश्नाला पुरावे देत बसलात तर तो वादच नवी जपमाळ होतो, कारण शंभर टक्के खात्री कोणालाच मिळत नाही. वाद घालायचा तो ‘असा विचार माझ्या मनात येताच कामा नये’ या हट्टाशी. तो हट्ट सुटला की बाकीचं बरंच सुटतं.

ज्यांचा त्रास आजाराच्या हद्दीत गेलेला नाही, त्यांनाही हेच उपयोगी. ‘हा तो विचार आला’ एवढी नोंद घ्यावी आणि हातातलं काम चालू ठेवावं. विचाराला उत्तर द्यायचंच असेल तर ते उद्यावर टाकावं. आणि ‘येऊ दे’ हे शब्दसुद्धा भीती घालवायचा मंत्र म्हणून वापरू नयेत. मनाला तेवढीही पळवाट पुरते. झोप नीट घ्यावी. जागरणानंतर असे विचार अधिक चिकट होतात, हे कोणत्याही नव्या आईला विचारा.

घरच्यांचं काम सर्वांत अवघड, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. ‘मी काही करणार नाही ना?’ या प्रश्नाला ‘नाही गं’ म्हणणं हे प्रेमच असतं. पण अर्ध्या तासात तोच प्रश्न परत येतो. एकदम तोंड मिटून बसणंही क्रूर. दोघं शांत असतील तेव्हा आधी ठरवून घ्यावं आणि मग म्हणावं, ‘हे तुझी भीती विचारतेय. तिला मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो.’ आणि खरंच बसावं.

औषधांबद्दलचे गैरसमज झटपट दूर करू. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन या गटातली औषधं ओसीडीवर चालतात. गुण यायला बहुधा ८ ते १२ आठवडे लागतात, डोस नैराश्यापेक्षा अनेकदा जास्त लागतो. ती नशेची किंवा झोपेची औषधं नाहीत. मनानं मात्र बंद करू नयेत. बाळाला पाजत असाल तर तसं डॉक्टरांना सांगावं. चालणारी औषधं आहेत.

दोन ठिकाणी मात्र ‘येऊ दे’ म्हणून थांबायचं नाही. मरून जावंसं वाटतंय, त्याची योजना मनात आकार घेतेय, तर त्याच दिवशी मदत घ्यावी. आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आई दिवसेंदिवस झोपत नाही, असंबद्ध बोलते, तिला आवाज ऐकू येतात, बाळात काहीतरी शिरलंय असं तिला खरंच वाटतं आणि त्या विचारांची भीती न वाटता ते पटतात, तर तो वेगळाच आजार आहे. हजार बाळंतपणांत एक-दोनदा होणारा, पण तातडीचा. अंगारा-उताऱ्यात एक रात्रही घालवू नये, रुग्णालय गाठावं.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचं आढळलं. यात पैसा आणि अंतर आहेच, पण या विशिष्ट त्रासात तोंड न उघडणं हे फार मोठं कारण आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष गेलात तर ‘टेन्शन येतं’ एवढ्यावर थांबू नका. तेवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. विचार जसा येतो तसा, त्याच्या घाणीसकट सांगा. जीभ रेटत नसेल तर घरून चार ओळी कागदावर लिहून न्या आणि तो कागद टेबलावर ठेवा. समोरच्यानं असे कागद आधीही वाचलेले असतात.