बतावणीची शाळा

संपादकांनी मला महाडला धाडले ते २० मार्चच्या मेळाव्याचा वृत्तांत लिहिण्यासाठी. परंतु चवदार तळ्याकाठी लोटलेल्या त्या अफाट जनसमुदायात माझे चित्त गुंतले ते पोलादपूरकडच्या एका वृद्ध जलसेकऱ्याच्या बतावणीत, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या विनोदी संवादात.

तळ्याचा सरकारी इतिहास थोडक्यात सांगता येतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला, महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून आपलाही ठराव केला, आणि दोन्ही दप्तरात पडून राहिले. १९२७ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह ते पाणी प्राशन केले, त्यानंतरही तळ्यावरून फिर्याद चालली ती उच्च न्यायालयाच्या १९३७ च्या निकालापर्यंत.

हुकूम आणि मनुष्य यांमधले हे अंतर भीमराव कर्डकांसारख्या जलसेकऱ्यांनी वस्त्यावस्त्यांतून रात्री जागवून कमी केले. सत्यशोधकांनी आपल्या जलशांत तमाशाची चौकट प्रबोधनासाठी घेतलीच होती. आंबेडकरी जलशात गणातील देवस्तुतीच्या जागी बाबासाहेबांना वंदन आले, शृंगारिक गवळण मागे पडली, बतावणी मात्र राहिली, नव्हे, तीच जलशाचा प्राण झाली.

पोलादपूरकडच्या त्या म्हाताऱ्याने ढोलकीच्या कड्या सरकवून स्वर जुळवला. साथीदार शास्त्रीबुवा झाला, हा गडी. ‘बुवा, तळ्यात गुरं उतरत्यात, त्यांची जात कोन इचारतो?’ एवढे म्हणून त्याने हात आखडला आणि समोर बसलेल्या एका आजीबाईंकडे पाहिले. त्यांनी खणखणीत उत्तर दिल्यावरच थाप पडली. प्रेक्षकाच्या मुखातून उत्तर आल्याखेरीज पुढे सरकायचेच नाही, ही त्याची रीत! अध्यापनाची इतकी निर्मळ पद्धती मी विद्यालयांतूनही क्वचितच पाहिली आहे.

तिचे भवितव्य मात्र चिंताजनक आहे. कर्डकांनी १९७८ साली जलशांवर ग्रंथ लिहिला म्हणून पुष्कळसा मजकूर वाचला. या म्हाताऱ्याच्या वहीत पदे आहेत, परंतु बतावणीचे नुसते खुणेचे शब्द, कारण संवाद जागच्या जागी रचायचा असतो. साथीदार मुंबईस नोकरीला, तालमीला सवड नाही, आणि ध्वनिवर्धकांच्या भिंतींपुढे आजीबाईंचे उत्तर ऐकू तरी कसे यावे? महाड-पोलादपूरच्या शाळांनी त्याला योग्य मानधन देऊन निदान एक सत्र मुलांकडून जलसा बसवून घ्यावा, आणि ते याच वर्षी व्हावे, कारण त्याचा हात अजून चालतो आहे.