सिमेंट घेतले, सावली विसरलो

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागले की बिडकीनच्या अलीकडे चितेगाव लागते. एके काळी शेतीवर जगणारे हे गाव. मग रस्त्याच्या कडेने कारखाने आले, व्हिडिओकॉनमुळे गावाचे नाव जिल्ह्याबाहेर गेले, कामगार आले. त्यांच्यासाठी भाड्याच्या खोल्या उठल्या आणि हाती पैसा खेळू लागला तशी जुनी घरे उतरवून नवी बांधली गेली. चार खांब, वर स्लॅब, रस्त्याच्या बाजूला दुकानाचे शटर आणि पुढेमागे दुसरा मजला चढवायचा म्हणून आकाशाकडे काढून ठेवलेल्या सळया. हे चित्र एकट्या चितेगावचे नाही. मराठवाड्यातल्या कोणत्याही वाढत्या गावात जा, हेच दिसेल. आणि त्यात हसण्यासारखे काही नाही. पक्के घर म्हणजे एका कुटुंबाची उभ्या आयुष्याची कमाई असते.

पण मे महिना येतो, पारा चाळिशी ओलांडतो आणि हेच घर वैरी होते. दिवसभर ऊन प्यालेली स्लॅब रात्रभर ते खाली ओतत राहते. संध्याकाळी गच्चीवर बादल्यांनी पाणी मारायचे, कूलर लावायचा आणि तरीही तान्ह्या मुलाला वारा घालत बसायचे, हा अनेक घरांतला नित्यक्रम आहे. सर्वांत जास्त भाजून निघते ती स्वयंपाकघरातली बाई, कारण बहुतेक नकाशांत स्वयंपाकघर उरलेल्या कोपऱ्यात टाकलेले असते. तो कोपरा नेमका पश्चिमेचा असला तर बोलायलाच नको.

सपाट छपराचे, चौकोनी, नक्षीकाम नसलेले हे घर आपल्याकडे आले कुठून? त्याचे मूळ शोधत गेले तर आपण पोहोचतो पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत. तिथे १९१९ मध्ये वॉल्टर ग्रोपियस यांनी वायमार शहरात ‘बाउहाउस’ ही कलाशाळा काढली. यंत्रयुगातल्या माणसाला यंत्रयुगाचे घर हवे. काच, लोखंड, काँक्रीट ही नवी सामग्री प्रामाणिकपणे वापरावी. वस्तू ज्या कामासाठी आहे ते काम तिच्या आकारात दिसावे, असा तिथला विचार होता. ग्रोपियस पुढे १९३७ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकवू लागले. आणि १९४५ मध्ये त्यांच्या वर्गात येऊन बसला एक कोकणी तरुण. त्याचे नाव अच्युत कानविंदे.

चंदीगड उभारणारे ल कॉर्ब्युझिए आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक असतात. चार्ल्स कोरिया, बाळकृष्ण दोशी यांची नावेही अधूनमधून कानावर पडतात. भारतातल्या आधुनिक वास्तुकलेच्या पहिल्या फळीतले कानविंदे मात्र मराठी असूनही मराठी घराघरांत पोहोचले नाहीत. त्यांचे बहुतेक मोठे काम महाराष्ट्राबाहेर झाले, हे एक कारण. दुसरे कारण असे, की इमारतीला लेखक असतो हे आपण सहसा लक्षातच घेत नाही. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात शाळेच्या सहलीबरोबर कितीतरी मराठी मुले जाऊन आली असतील. ती वास्तू कानविंदे यांच्या आराखड्यावर उभी आहे, हे त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

कानविंदे यांचा जन्म १९१६ चा, मालवण तालुक्यातल्या आचरे गावचा. हे गाव रामेश्वराच्या देवळासाठी आणि गावपळणीसाठी प्रसिद्ध आहे. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की अवघे गाव गुरेढोरे, कोंबड्या बरोबर घेऊन तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर झोपड्या घालून राहते. घर म्हणजे किमान काय लागते, याचा असा धडा कोणत्याही शाळेत मिळणार नाही. वडील चित्रकार आणि कलाशिक्षक होते. अच्युतरावांनी मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात वास्तुकलेचे शिक्षण घेतले. तिथले प्रमुख क्लॉड बॅटली इंग्रज खरे, पण जुन्या भारतीय वास्तूंची मापे घेऊन रेखाटने करण्याचा त्यांचा आग्रह असे. वाड्याचा चौक इतकाच रुंद का, ओसरी इतकीच खोल का, हे टेप लावून पाहिलेला विद्यार्थी मग ग्रोपियस यांच्यापुढे जाऊन बसला.

१९४७ मध्ये ते परतले तेव्हा देश नुकताच स्वतंत्र होत होता. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुशिल्पी म्हणून त्यांनी प्रयोगशाळांच्या इमारतींचे काम पाहिले. १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासह दिल्लीत स्वतःची संस्था सुरू केली. त्यांच्या आरंभीच्या कामावर, विशेषतः अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेच्या इमारतीवर, हार्वर्डची छाप स्पष्ट दिसते. पण बॉस्टनजवळचे ऊन आणि अहमदाबादचे ऊन एक नव्हे. बर्फाच्या देशात ऊन घरात यावे म्हणून खटपट करतात; आपल्याकडे ते बाहेर थोपवावे लागते. पुढच्या कामांत हा फरक त्यांनी अधिकाधिक मनावर घेतलेला दिसतो.

कानपूरच्या आयआयटीचे संकुल हे त्याचे उत्तम उदाहरण. साठच्या दशकात उभ्या राहिलेल्या या संकुलात काँक्रीटचा सांगाडा उघडा ठेवला आहे आणि त्यात त्या भागात मिळणारी वीट भरली आहे. गिलावा नाही, रंग नाही, त्यामुळे दर दोन वर्षांनी रंगरंगोटीचा खर्चही नाही. पण खरी गोष्ट आहे ती इमारतींना जोडणाऱ्या उंच, छप्पर असलेल्या मार्गांची. उत्तर प्रदेशातल्या लूमध्ये किंवा पावसात विद्यार्थ्याने ग्रंथालयातून वर्गात जायचे तर वरून जावे, नाहीतर त्याच मार्गाच्या सावलीतून खालून जावे. मोटारींना मधल्या भागातून दूर ठेवले. पायी चालणाऱ्याचा इतका विचार आज किती नव्या वसाहतींत होतो?

दुसरे उदाहरण गुजरातेतल्या मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीचे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हे काम झाले. दुधाच्या कारखान्यात वाफ आणि उष्णता फार. एक लांबलचक शेड बांधून पंखे लावले असते तरी कोणी विचारले नसते. कानविंदे यांनी छपराच्या वर धुराड्यांसारखे उंच झरोक्यांचे मनोरे उभे केले. गरम हवा आपोआप वर जाते आणि त्यातून निघून जाते. दुरून ती इमारत किल्ल्यासारखी भासते, पण तो डौल हवा खेळवण्याच्या गरजेतून आला आहे.

मराठवाड्यातल्या माणसाला हे ऐकून आपले माळवद आठवले पाहिजे. जाड दगडी भिंती, लाकडी तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा थर आणि चुलीचा धूर निघून जाऊन उजेड आत यावा म्हणून छतात ठेवलेला झरोका. भर उन्हाळ्यात त्या घरात शिरले की अंगावरून पाणी ओतल्यासारखे वाटायचे. मेहसाण्याचा मनोरा आणि माळवदाचा झरोका एकाच नात्यातले आहेत.

मग माळवदाकडेच परत जावे का? तसे म्हणणे सोपे आहे, पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरू शकत नाही. किल्लारीच्या भूकंपात त्याच जड भिंती आणि तेच मातीचे छप्पर झोपलेल्या हजारो माणसांवर कोसळले. त्यानंतर लोकांनी सळई आणि सिमेंटवर भरवसा ठेवला, तो योग्यच होता. फक्त झाले असे, की माळवदाबरोबर झरोका गेला, ओसरी गेली, दारातला निंबही गेला. नव्याचे बळ आपण घेतले आणि जुन्याचे शहाणपण टाकून दिले. कानविंदे यांच्या कामाचे मोल इथे कळते. काँक्रीटचा मजबूत सांगाडा आणि वारा, सावली यांची समज एकाच घरात नांदू शकतात, हे त्यांनी बांधून दाखवले.

त्यांना १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली. वयाची ऐंशी उलटल्यावर त्यांच्या आराखड्यावर दिल्लीचे इस्कॉन मंदिर उभे राहिले; १९९८ मध्ये ते खुले झाले. देवळाला शिखर हवे म्हणताना या आधुनिकाने नाक मुरडले नाही. डिसेंबर २००२ मध्ये ते गेले.

या पिढीच्या वास्तूंचे भवितव्य मात्र सुरक्षित नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानातले राज रेवाल यांचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ १९७२ चे. २०१७ मध्ये ते पाडले गेले. वारसा म्हणून विचार होण्यासाठी साठ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, असे तेव्हा सांगण्यात आले. आजोबांचे घर जपायचे आणि वडिलांचे मोडायचे, असाच हा न्याय झाला.

पण कानविंदे यांचा वारसा जपायला प्रत्येकाने दिल्लीला जाण्याची गरज नाही. बिडकीनला नवे औद्योगिक शहर आकार घेत आहे, म्हणजे चितेगावच्या आसपास येत्या काही वर्षांत आणखी घरे होणार. पाया खणण्यापूर्वी मिस्त्रीशी बोलणी होतात ती सळईची जाडी आणि सिमेंटच्या गोण्या यांवर. त्यात चार प्रश्न आणखी घालावेत. दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर येणार? वारा कुठून येणार आणि समोरच्या कोणत्या खिडकीतून निघून जाणार? खिडकीवर हातभर पुढे येणारा छज्जा आहे का? स्वयंपाकघरातली गरम हवा वरून बाहेर पडायला वाट आहे का? गच्चीला पांढऱ्या चुन्याचा हात आणि पश्चिमेला एखादे झाड, याला लाखो रुपये लागत नाहीत.

हे प्रश्न घरातल्या बाईने विचारले तर फारच बरे. त्या घरात दिवसाचे सर्वाधिक तास बहुधा तिचेच जातात, आणि नकाशा ठरवताना आजवर तिलाच कोणी विचारलेले नसते.