वापरातील वस्तू आणि रूपाची जाण : कोल्हापुरी चप्पल

कलेचा अभ्यास म्हटला की डोळ्यांपुढे चित्रदालन किंवा संग्रहालय येते. तुमच्यापैकी अनेकांचा दिवस मात्र नोकरीत, शेतात वा घरकामात जातो आणि पुस्तक उघडायला रात्र उजाडते. म्हणून या भागात आपण उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेल्या एका वस्तूकडे पाहणार आहोत. ती वस्तू म्हणजे कोल्हापुरी चप्पल.

चप्पल हातात घ्या आणि उलटीसुलटी करून पाहा. परंपरेने बनवलेल्या जोडात खिळा आढळत नाही. तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. चामडे बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले असते. चपलेचा ओळखीचा तपकिरी रंग मुख्यतः त्या कमावण्यातून आलेला असतो आणि तेलपाणी होत राहिले की तो अधिक गडद होतो. तळाच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या पाळ्यांना 'कान' म्हणतात. प्रथमदर्शनी ते शोभेसाठी असावेत असे वाटते. प्रत्यक्षात पायावरचा पट्टा या कानांना जोडलेला असतो आणि चालताना पडणारा ताण तेच सोसतात. चामड्याच्या बारीक पट्ट्यांची 'वेणी' अनेक घरांत स्त्रिया विणतात. गोंडा तेवढा निव्वळ हौसेचा. त्याला काही काम नाही, आणि त्यावाचून जोड अपुरा वाटतो हेही खरे.

वस्तूचे रूप तिच्या कामातून कसे घडते, हे समजून घेण्यासाठी याहून जवळचे उदाहरण सापडणे कठीण आहे. पण ज्यांनी हे रूप घडवले, त्यांचे नाव त्या रूपासोबत टिकते का?

जून 2025 मध्ये मिलान येथील फॅशन सोहळ्यात प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांसाठीच्या नव्या संग्रहात कोल्हापुरीशी उघड साम्य असलेली पादत्राणे सादर केली. त्या वेळी त्यांचा उल्लेख केवळ चामडी सँडल असा होता; कोल्हापूरचा उच्चार नव्हता. महाराष्ट्रातून टीका झाल्यावर ही प्रेरणा भारतीय पारंपरिक पादत्राणांची असल्याचे कंपनीने मान्य केले. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले होते आणि त्यात महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्हे समाविष्ट आहेत. मग ते कामी का आले नाही? कारण असे मानांकन मुख्यतः नावाचे रक्षण करते. घाट जसाच्या तसा उचलून नाव टाळले, तर कायद्याचा हात तेथे सहज पोहोचत नाही.

नाव गळण्याचा हा प्रकार परदेशी कंपनीपुरता आहे असे समजून आपण सुटका करून घेऊ नये. कोल्हापुरातील नवा राजवाडा पाहायला गेलात तर त्याचे वास्तुरचनाकार मेजर चार्ल्स मँट असल्याचे सहज कळते. त्याचा काळा दगड घडवणारे पाथरवट मात्र आपल्याला नावानिशी ठाऊक नसतात, आणि आपण विचारतही नाही. चपलेच्या बाबतीत निदान गावाचे नाव उरले आहे. 'कापशी' हा प्रकार कागल तालुक्यातील कापशी गावाच्या नावाने ओळखला जातो. कारागिराचे नाव मात्र पेठेतल्या गिऱ्हाइकापर्यंत क्वचितच येते.

मराठीच्या विद्यार्थ्याचे काम येथे सुरू होते. कान, वेणी, वादी, गोंडा हे शब्द कारागिरांच्या बोलण्यातले आहेत. त्यांच्याशिवाय या वस्तूचे नेमके वर्णन करता येत नाही.

स्वाध्याय : तुमच्या गावातील कारागिराने बनवलेली, रोजच्या वापरातील एक वस्तू निवडा. ती माठ, सूप, खुरपे, घोंगडी यांपैकी कोणतीही चालेल. बनवणाऱ्याकडे जाऊन तिच्या प्रत्येक भागाचे नाव आणि काम विचारा. 'सुंदर', 'आकर्षक' ही विशेषणे न वापरता दीडशे शब्दांत वर्णन लिहा. कारागिराची संमती असल्यास सुरुवातीस त्याचे वा तिचे पूर्ण नाव लिहा.