विश्लेषण : धूम्रपानाने फुप्फुसांत नेमके काय बिघडते? त्रास जाणवायला इतकी वर्षे का लागतात?

सकाळचा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप याकडे अनेक जण दुर्लक्ष करतात. मात्र धाप लागू लागते तेव्हा फुप्फुसांची जवळपास निम्मी क्षमता गेलेली असू शकते…

वर्षानुवर्षे बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या घरात हे चित्र नेहमीचे असते. सकाळी उठल्याबरोबर खोकल्याची उबळ येते, बेडका पडतो, मग चहा आणि दिवसाची पहिली सिगारेट. काही वर्षांनी दोन जिने चढल्यावर धाप लागू लागते आणि ‘आता वय झाले’ असे म्हणून तीही अंगवळणी पडते. डॉक्टरांकडे जाण्याची वेळ बहुधा तेव्हा येते, जेव्हा साधी सर्दी छातीत उतरते आणि श्वास घेणेही कठीण होते. अशा अनेकांचे निदान असते ‘सीओपीडी’, म्हणजे ‘क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज’. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार या आजाराने २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३५ लाख जणांचा मृत्यू झाला. मृत्यूच्या कारणांमध्ये तो चौथ्या क्रमांकावर आहे. श्रीमंत देशांत ७० टक्क्यांहून अधिक सीओपीडीचे कारण धूम्रपान आहे. भारतासारख्या देशांत हे प्रमाण ३० ते ४० टक्के असून चुलीचा धूर आणि हवेचे प्रदूषण यांचाही मोठा वाटा असतो.

फुप्फुसांची रचना कशी असते?

श्वासनळी छातीत उतरल्यावर तिला दोन फाटे फुटतात. त्या प्रत्येकाला पुन्हा दोन, असे सुमारे २३ वेळा विभाजन होते. शेवटच्या, अतिसूक्ष्म नलिकांच्या टोकाला द्राक्षांच्या घडासारखे वायुकोश असतात. त्यांची संख्या ३० ते ५० कोटींच्या घरात असते. हे सारे वायुकोश उलगडून जमिनीवर अंथरले तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे साधारण ७५० चौरस फूट जागा व्यापतील. शहरातल्या एका ‘टू बीएचके’ सदनिकेच्या चटईक्षेत्राएवढी ही जागा आहे.

वायुकोशातील हवा आणि केशवाहिन्यांतील रक्त यांच्यामध्ये असलेला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. या पडद्यातून ऑक्सिजन रक्तात जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पृष्ठभाग मोठा आणि पडदा पातळ, म्हणूनच हे काम सेकंदाच्याही आत होते. धूम्रपानाचा धूर पोहोचतो तो थेट इथपर्यंत.

धुराचा पहिला आघात कशावर होतो?

तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात. त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगास कारणीभूत ठरणारी आहेत. या धुराचा पहिला फटका बसतो तो फुप्फुसांच्या सफाई यंत्रणेला.

श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला चिकट द्रवाचा पातळ थर असतो. श्वासातून आलेली धूळ आणि जंतू त्याला चिकटतात. त्याखालील केसांसारखे सूक्ष्म तंतू सेकंदाला १० ते २० वेळा एकाच लयीत हलतात आणि हा थर सरकत्या पट्ट्याप्रमाणे घशाकडे ढकलत राहतात. धुरातील अॅक्रोलिन, हायड्रोजन सायनाइड यांसारखी रसायने या तंतूंची हालचाल मंदावतात. पुढे तंतू आखूड होतात, काही ठिकाणी नाहीसेच होतात. त्याच वेळी धुराच्या दाहामुळे कफ तयार करणाऱ्या पेशी वाढतात. म्हणजे कचरा वाढतो आणि तो वाहून नेणारा पट्टा बंद पडतो.

मग साचलेला कफ बाहेर काढण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे खोकला. सलग दोन वर्षे, दर वर्षी किमान तीन महिने कफासह खोकला राहिला आणि त्याला दुसरे कारण नसले, तर त्याला क्रॉनिक ब्राँकायटिस म्हणतात. ‘सिगारेटचा खोकला’ म्हणून जो सोडून दिला जातो, तो अनेकदा हाच असतो.

मग धाप इतक्या उशिरा का लागते?

याचे उत्तर लहान श्वासनलिकांमध्ये आहे. दोन मिलिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या या नलिकांना धुरामुळे सूज येते, त्यांच्या भिंती जाड होतात आणि आतली वाट अरुंद होते. एखाद्या नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तिच्यातील प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट नव्हे, तर १६ पट होतो. एवढे होऊनही माणसाला काही जाणवत नाही, कारण अशा हजारो नलिका शेजारी शेजारी काम करत असतात. काही बंद पडल्या तरी हवा उरलेल्यांतून वाट काढते. पर्यायी रस्ते भरपूर असलेल्या शहरात दोन-चार गल्ल्या बंद झाल्या तरी वाहतूक थांबत नाही, तसेच हे. म्हणूनच वैद्यकशास्त्रात फुप्फुसाच्या या भागाला ‘मूक क्षेत्र’ म्हटले जाते.

शिवाय निरोगी फुप्फुसांची क्षमता रोजच्या गरजेपेक्षा बरीच जास्त असते. घरात वावरायला, कार्यालयात बसायला तिचा थोडाच भाग पुरतो. त्यामुळे शिल्लक संपत जाते, पण व्यवहार अडत नाही. माणूस नकळत जिन्याऐवजी लिफ्ट घेऊ लागतो, चालण्याचा वेग कमी करतो आणि तक्रार आणखी काही वर्षे पुढे ढकलली जाते.

वायुकोश कसे नष्ट होतात?

धुराचे कण वायुकोशांपर्यंत पोहोचले की त्यांना हटवण्यासाठी पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात. या पेशींतून इलास्टेज नावाचे विकर बाहेर पडते. जंतूंशी लढताना ते उपयोगी असते. मात्र वायुकोशांच्या भिंतींना लवचीकता देणारे इलॅस्टिनचे धागेही ते तोडते. त्याला आवर घालण्यासाठी शरीरात अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन असते. १९६३ मध्ये स्वीडनमधील संशोधकांना ज्यांच्या रक्तात हे प्रथिन जन्मतःच फार कमी आहे अशा व्यक्तींमध्ये तरुण वयातच फुप्फुसे खराब झालेली आढळली. त्यातून या प्रथिनाचे महत्त्व लक्षात आले. सिगारेटचा धूर दोन्ही बाजूंनी नुकसान करतो. तो इलास्टेज वाढवतो आणि त्याला रोखणारे प्रथिन निकामी करतो.

परिणामी वायुकोशांमधल्या भिंती विरतात आणि अनेक लहान कोशांचा एक मोठा कोश होतो. यालाच एम्फिसिमा म्हणतात. जागा तेवढीच राहते, पण पृष्ठभाग घटतो. आठ लहान गोल फुग्यांचा तेवढ्याच आकारमानाचा एक मोठा गोल फुगा केला, तर पृष्ठभाग निम्माच उरतो. फुप्फुसात हेच लाखो ठिकाणी घडते आणि नष्ट झालेले वायुकोश पुन्हा तयार होत नाहीत.

श्वास घेण्यापेक्षा सोडणे अवघड का होते?

निरोगी फुप्फुस नव्या फुग्यासारखे असते. आत घेतलेली हवा ते स्वतःच्या लवचीकतेने बाहेर टाकते. एम्फिसिमा झालेले फुप्फुस प्लास्टिकच्या जुन्या पिशवीसारखे होते. हवा आत जाते, पण दाबल्याशिवाय बाहेर येत नाही. त्यातच, लहान नलिकांना उघडे धरून ठेवण्याचे काम आजूबाजूच्या वायुकोशांच्या भिंती करतात. त्या विरल्यावर श्वास सोडताना या नलिका मिटतात आणि हवा आत अडकते. छाती फुगलेली राहते आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही. अरुंद नलिका, कफ आणि विरलेले वायुकोश यांचा एकत्रित परिणाम म्हणजे सीओपीडी. अशा रुग्णांपैकी काही जण शीळ घालावी तसे ओठ आवळून श्वास सोडतात. नलिका थोडा वेळ उघड्या ठेवण्याची ही शरीराने शोधलेली युक्ती असते.

बिडी किंवा ‘लाइट’ सिगारेट कमी घातक असते का?

नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करतात. बिडी ओढणारे ७.७ टक्के, तर सिगारेट ओढणारे ४ टक्के आहेत. बिडीत तंबाखू कमी आणि वर झाडाचे पान, म्हणून ती सौम्य, असा समज ग्रामीण भागात पक्का आहे. मात्र तेंदूच्या पानातून हवा फारशी खेळत नाही. बिडी विझू नये म्हणून झुरके वारंवार आणि जोरात घ्यावे लागतात. त्यामुळे निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड पुरेपूर आत जातात. ‘लाइट’ सिगारेटमध्येही हवे तेवढे निकोटिन मिळवण्यासाठी ओढणारा नकळत खोल झुरके घेतो. भारतातील मृत्यूंच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे ६ वर्षांनी आणि स्त्रियांचे सुमारे ८ वर्षांनी कमी होते. यातील स्त्रिया प्रामुख्याने बिडी ओढणाऱ्या होत्या.

कर्करोग आणि क्षयाशी संबंध काय?

धूम्रपान करणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत १५ ते ३० पट असतो. धुरातील बेन्झोपायरीनसारखी रसायने पेशींच्या डीएनएला चिकटतात. पेशींच्या बेसुमार वाढीला लगाम घालणाऱ्या ‘पी-५३’ या जनुकात त्यामुळे बिघाड होतो. सफाई यंत्रणा आणि स्थानिक प्रतिकारशक्ती दुबळी झाल्याने क्षयाच्या जंतूंनाही वाट मोकळी होते. तमिळनाडूतील पुरुषांच्या मृत्यूंवर आधारित, २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष होता, की भारतात क्षयाने होणाऱ्या पुरुषांच्या मृत्यूंपैकी निम्म्यांमागे धूम्रपान हे एक कारण आहे. क्षयाची औषधे घेत असताना बिडी सुरू ठेवणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

आजार वेळेत कसा कळतो?

छातीचा एक्स-रे सुरुवातीच्या टप्प्यात बहुधा नॉर्मल येतो. उपयोगी पडते ती स्पायरोमेट्री. पूर्ण श्वास घेऊन यंत्राच्या नळीत जोराने फुंकायचे, एवढीच ही चाचणी. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती, याचे गुणोत्तर काढले जाते. श्वासनलिका रुंद करणारे औषध दिल्यानंतरही ते ०.७० पेक्षा कमी असेल, तर सीओपीडीचे निदान होते. धाप साधारणपणे पहिल्या सेकंदातील हवेचा आकडा अपेक्षेच्या निम्म्यावर आल्यावर त्रास देऊ लागते. चाचणीत मात्र घट त्याच्या कितीतरी आधी दिसते. चाळिशीपुढच्या, अनेक वर्षे धूम्रपान केलेल्या आणि खोकला किंवा धाप असलेल्या व्यक्तीने ही चाचणी करून घेणे गरजेचे असते.

उशिरा सोडले तरी फायदा होतो का?

पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा वयाबरोबर प्रत्येकाचीच थोडी थोडी घटते. अमेरिका आणि कॅनडामध्ये ५,८८७ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या ‘लंग हेल्थ स्टडी’मध्ये ही घट ११ वर्षे मोजली गेली. सुरुवातीलाच सिगारेट सोडलेल्या पुरुषांत ती वर्षाला सुमारे ३० मिलिलिटर होती, तर ओढत राहिलेल्यांत ६६ मिलिलिटर. ११ वर्षांत हा फरक सुमारे ४०० मिलिलिटर होतो. गमावलेली क्षमता परत येत नाही, पण घसरण निरोगी माणसाच्या वेगावर येते. उतारवयात घरातल्या घरात फिरता येणे आणि ऑक्सिजनच्या नळीशी बांधले जाणे, यातला फरक कित्येकदा या ४०० मिलिलिटरचाच असतो. इन्हेलरने श्वास मोकळा होतो, पण धूर सुरू असेल तर फुप्फुसांची झीज थांबत नाही.

ब्रिटिश डॉक्टरांच्या ५० वर्षांच्या पाहणीतही असेच दिसले. तिशीत धूम्रपान सोडणाऱ्यांनी साधारण १० वर्षांचे आयुष्य वाचवले, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी ६ आणि साठीत सोडणाऱ्यांनी ३ वर्षांचे.

सोडल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत खोकला आणि कफ उलट वाढू शकतो. ‘सिगारेट सोडली आणि त्रास सुरू झाला’ असे म्हणत अनेक जण याच टप्प्यावर पुन्हा ओढू लागतात. वास्तविक, श्वासनलिकांमधले तंतू पुन्हा हलू लागल्याचे आणि साचलेला कफ बाहेर पडत असल्याचे हे लक्षण असू शकते. खोकल्यात रक्त पडत असेल, वजन घटत असेल किंवा खोकला थांबतच नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. व्यसन सोडण्यासाठी निकोटिनची च्युइंगगम, पट्ट्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायची औषधे उपलब्ध आहेत. केंद्र सरकारच्या १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशनही मिळते. हा क्रमांक सिगारेट आणि बिडीच्या पाकिटावरच छापलेला असतो.